ठिणगीचा लगाम

५ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

ठिणगीला तुझ्याकडे धाडून दोन महिने झाले आणि तुझ्या पत्रात तिच्याबद्दल जेमतेम चार ओळी. बाकी सगळं गवत आणि कुंपण. तिला पाणी कोमट लागतं. उजव्या बाजूने खरारा केलेला खपत नाही. हे सगळं मी लिहून दिलं होतं, वाचलंस का?

पाच वर्षं रोज सकाळी तिची रपेट मी काढली. शर्यतीला वर बसायचा दुसराच आणि फोटो त्याचे छापून यायचे, तेही गिळलं. आता पाय अधू झाला म्हणून मालकांनी तिला काढलं आणि ती तुझ्या तबेल्यात गेली, याचं मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. तुझी वहिनी म्हणते, लेकीच्या लग्नातसुद्धा मी असा तोंड पाडून बसलो नव्हतो.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझा दादा


१४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वाचलं होतं. ती आता दोन्ही बाजूंनी खरारा करून घेते आणि गार पाणी पिते. लगेच नाक फुगवू नकोस.

लगाम आखडला की पळत सुटायचं, हे तुम्ही शर्यतवाले घोड्यांच्या हाडीमाशी मुरवता. बाहेरच्या जगात लगाम ओढला की थांबायचं असतं, आणि ते शिकल्याशिवाय त्यांना कोणी घर देत नाही. ठिणगी आता थांबते. मी नुसती बोटं मिटली तरी थांबते.

पुलापलीकडे एक शिक्षिकाबाई राहतात. घरामागे कुरण आहे, सावकाश फेरफटका मारायला घोडी हवी आहे. पुढच्या रविवारी बघायला येताहेत. त्यांनी ठिणगीला नेलं तर तिच्या जागी एका म्हाताऱ्या घोड्याला आणता येईल. त्याचे मालक महिनाअखेरपर्यंतच ठेवणार आहेत, पुढे त्याचं काय होईल हे तुला सांगायला नको. तूही ये रविवारी.

लोभ ठेवशील तेवढा कमीच.
तुझी चिमणी


२४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाईंसमोर दोन फेऱ्या मार म्हटलं, तर तू रिकिबीत उभा राहिलास, लगाम आखडलास आणि ती सुटली. बाई फाटकापाशी पांढऱ्याफटक पडल्या. अशी घोडी मला झेपायची नाही, म्हणाल्या आणि निघून गेल्या. सवयीने हात गेले, असं तू म्हणालास. गेलेही असतील. पण उतरलास तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला, दादा.

तिचा पाय पुन्हा सुजलाय. लगामाला हात लावला की थरथरते. आणि सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? माझ्या हातात ती शहाण्यासारखी वागते, तुझ्या हातात ती खूश होती. मला तुझा इतका हेवा वाटला की दिवसभर मी नुसती भांडी आपटत होते.

आज लोभाबिभाचं काही लिहीत नाही.
चिमणी


३० नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सवयीने नाही, मुद्दाम केलं. बाईंनी तिच्या मानेवर थाप मारली आणि तिने सुखाने डोळे मिटले, ते मला बघवलं नाही. ती अजून माझी आहे, एवढं दाखवायचं होतं. दाखवलं आणि तिचं घर घालवून बसलो.

आता एवढं कर. पायाची सूज उतरली की कळव, मी रजा टाकून येतो. माझ्या हाताने मोडलंय, ते माझ्याच हाताला शिकायला लाव. मी लगाम ओढल्यावर ती थांबली, तर कोणीही ओढला तरी थांबेल. तू फाटकाशी उभी राहून सांग, मी मुकाट ऐकेन. माझ्या मालकांना गळ घालून त्या म्हाताऱ्या घोड्याला तोवर आमच्याकडे ठेवून घेतलंय. बाईंना तेवढं पुन्हा विचारून बघ.

राग उतरला असेल तर माया कर.
तुझा दादा


९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल बाई ठिणगीला घेऊन गेल्या. मी पुन्हा बोलावलं म्हणून त्या आल्या होत्या खऱ्या, पण त्यांना पटलं ते तू इथून जायच्या दिवशीच. तू लगाम आखडलास, तिने कान मागे टाकले, जरा घोटाळली आणि थांबली. मग खाली उतरून तू तिच्या मानेत तोंड खुपसलंस, तेव्हा बिचाऱ्या बाई कितीतरी वेळ कुंपणाचा खांबच न्याहाळत होत्या.

आज त्यांचा फोन आला होता. हाक मारली की ठिणगी कुरणाच्या टोकावरून फाटकाशी येते म्हणे. माझ्या हाकेला ती कधी आली नाही. तुझ्या यायची का? खरं सांग. मी तोंडभरून छान छान म्हटलं, फोन ठेवला आणि अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी त्या म्हाताऱ्याला घेऊन तूच ये. त्याला इथे माझ्या कुंपणात सोडू, आणि पायरीवर बसून दोघं मिळून बाईंवर जळू. मला एकटीला जमत नाहीये.

तुझी चिमणी