पाण्याचा अहवाल

३ नोव्हेंबर
नव्या डायलिसिस केंद्राची तपासणी केली. बारा खुर्च्या, भिंती इतक्या पांढऱ्या की डोळे दिपावेत. दाराला उद्घाटनाची फीतसुद्धा बांधून तयार! परवानगीचा पत्ता नाही आणि यांची कात्री हातात. तिथले डॉक्टर सारखे माझ्या मागे मागे— ‘मॅडम, यादीत चाळीस पेशंट आहेत हो.’ मला काय सांगता? त्या चाळिसातली एक माझी सख्खी बहीण आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही. ऑफिसातही नाही.

शेवटी पाण्याचा नमुना घेतला. एरवी एखाद्या गोष्टीकडे काणाडोळा करता येतो, पाण्याकडे नाही. ते यंत्रात रक्ताच्या अगदी शेजारून वाहतं. हातमोजे घालायचे, नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, पाणी थोडं वाहू द्यायचं, मग बाटली भरायची. तेवढ्यात ताईचा फोन. ‘झालं का गं? कधी उघडतंय?’ फोन खांद्याशी दाबून बाटली भरली.

५ नोव्हेंबर
ताईकडे गेले. तीन तास जायचं, चार तास यंत्राला लागून पडायचं, तीन तास यायचं— आठवड्यातून तीनदा! गाडी चालवून चालवून भाऊजी निम्मे झालेत. नवं केंद्र घरापासून दहा मिनिटांवर. ताई हसत म्हणाली, ‘बहीण सरकारात असून उपयोग काय तुझा?’ मीही हसले. पण लागलं.

११ नोव्हेंबर
अहवाल आला. पाण्यात जंतू, मर्यादेच्या तिप्पट. ताईला सांगायची छाती होईना. भाऊजींना सांगितलं.

१२ नोव्हेंबर
ताई आज डायलिसिसला गेलीच नाही! भाऊजींचा आवाज पार बसलेला— ‘म्हणते, आता पुरे. प्रवासानेच मरेन मी.’ धावत गेले. चेहरा सुजलेला, दोन वाक्यं बोलली की धाप. हट्टी आहे, थेट आईवर गेलीय. अक्षरशः पाय धरले, तेव्हा उद्या जाते म्हणाली. ‘पण तुझं ते केंद्र उघडेपर्यंतच हं. आणि लवकर उघड.’

१३ नोव्हेंबर
नळ पुसला होता का मी? फोन खांद्याशी होता. घाईत राहून गेलं असेल. नळाच्या तोंडावरचेच जंतू बाटलीत उतरले असतील. होतं असं. नवशिक्यांच्या हातून तर सर्रास होतं.

१४ नोव्हेंबर
पुसला नव्हता. आता नक्की आठवतंय.

सकाळीच जाऊन पुन्हा नमुना घेतला आणि फाइलवर लिहिलं— ‘पहिला नमुना घेताना माझ्या हातून चूक झाली. फेरनमुन्याचा अहवाल येईपर्यंत तात्पुरती परवानगी देण्यास हरकत नाही.’ साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ‘बावीस वर्षं नोकरी झाली माझी. स्वतःची चूक फाइलवर लिहिणारं माणूस पहिल्यांदा बघतोय.’ सही केली. माझे कान तापले.

१७ नोव्हेंबर
ताई चालत गेली— चालत! दुपारी घरी येऊन पेपर वाचत बसली होती. भाऊजी आतल्या खोलीत गाढ झोपलेले. ताईने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मला रडू आलं.

१९ नोव्हेंबर
ताईची दुसरी खेप. काही त्रास नाही. आपली बहीण कोण ते तिने तिथल्या सिस्टरला सांगूनही टाकलं.

२१ नोव्हेंबर
दुसरा अहवाल आला. या वेळी नळ तीनदा पुसला होता. जंतू तेवढेच.

केंद्राला फोन केला, सगळी यंत्रं ताबडतोब थांबवा म्हणून सांगितलं. सिस्टर म्हणाली, ‘तुमच्या ताई आत्ता यंत्रावरच आहेत, मॅडम. मघापासून थंडीने कुडकुडतायत.’

पहिल्या वेळीही मी नळ पुसला होता. मला माहीत होतं.