गाऱ्हाण्यातलं नाव

४ नोव्हें.
होमस्टेच्या खोल्या फुल्ल. सातवा महिना लागलाय तरी स्वयंपाकघर एस्तेरच ओढतेय. पाय सुजलेत, बस म्हटलं तर घावणे घालत उभीच. देवबागात सगळ्यांना सांगितलंय, मिझोरामची. खरी ती म्यानमारची. लढाईत घर जळलं, नवऱ्याचा पत्ता नाही. दिल्लीत निर्वासित म्हणून कार्ड मिळालं, मग काम शोधत इकडे. हे फक्त मला नि ह्यांना माहीत.

७ नोव्हें.
सरकारी दवाखाना. नोंदणीला आधार हवं. एस्तेरने कार्ड पुढे केलं, नर्सबाईंनी उलटसुलट करून परत दिलं. "कॉम्प्युटर घेत नाही हे." बी.पी. तेवढं बघितलं, माणुसकीने. खूप जास्त. बाहेर गाठून हळूच म्हणाल्या, "वयनी, ह्या बाळंतपण हंय नको. गोव्याक मोठ्या हॉस्पिटलात नेवचा लागतला."
गोवा म्हणजे वाटेत हद्दीवरचा इन्सुलीचा नाका. हल्ली तिथे गाड्या थांबवून कागद बघतात. धरली तर परत पाठवतील.
कार्ड देणाऱ्या दिल्लीच्या ऑफिसात फोन लावला. "दिल्लीला आणा, इथे मदत मिळेल." ह्या अवस्थेत दिल्ली! डोकं फिरलं.

११ नोव्हें.
खाजगी डॉक्टरही तेच. आधी पोलिसांत कळवा म्हणे. कळवलं की पहिला प्रश्न, ठेवली कोणी? भीती वाटते. तिच्यासाठी, आणि स्वतःसाठीही.

१६ नोव्हें.
जत्रा. ह्यांना बजावलं होतं, गावासमोर देवाला मागणं घालतात त्या गाऱ्हाण्यात नुसतं 'घरचं बाईमाणूस' म्हणा. पण पुरं नाव-गाव सांगितल्याशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, हे ह्यांचं ठाम मत. गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या कानात सगळं ओतलं. आणि तो खणखणीत आवाजात, "बा म्हाराजा, ब्रह्मदेशातसून जीव घेवन इल्ली ही एस्तेर, तिका कागद नाय, दवाखानो घेणा नाय, तिचा बाळंतपण सुखरूप होवंदे..."
सगळा गाव, "होय म्हाराजा!"
पहिल्या रांगेत आमचे पोलीस पाटील, दाजी. हात जोडलेले, आवाज सगळ्यांत मोठा.
घरी येऊन ह्यांना फैलावर घेतलं. "देवाक खोटा सांगू काय?" देवाला नको हो, पण माइक चालू होता!

१७ नोव्हें.
वाडीत कुणी अवाक्षर काढत नाही. शेजारीण मात्र कुळथाची पिठी देऊन गेली, "पोरीक घाल" म्हणून. गावाने तुझ्यासाठी प्रार्थना केली, असं एस्तेरला सांगितलं. तिने विचारलं, "पुलिस भी बोला?" हो म्हटलं. ती भांडी घासायला बसली.

१९ नोव्हें.
दाजी आले. चहाला हात लावला नाही.
"वयनी, माका चौकीत सांगूचाच लागतला."
"मगे होय म्हाराजा कित्याक म्हटलात?"
"ताय मनातसूनच म्हटलंय."
उठले. दारात थांबून, माझ्याकडे न बघता, "उद्या माका सवड नाय. परवा जातलंय."
म्हणजे उद्याचा दिवस आपला. गाडीत डिझेल भरून घेतलं.

२० नोव्हें., इन्सुली
सकाळपासून तिचं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी. नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली. हवालदाराने ओळखपत्र मागितलं, एस्तेरने तेच कार्ड दिलं. "कोण लागते तुमची?" लेक, म्हटलं. पटकन तोंडातून गेलं. एस्तेरने माझा डावा हात धरला तो अजून सोडलेला नाही, वही मांडीवर ठेवून लिहितेय.
तो कार्ड घेऊन आत गेलाय. मागच्या गाड्या निघून गेल्या. स्टिअरिंगवर हे, इंजिन बंद करायला तयार नाहीत.