मामीनं कणगीत लपवलेला उंदीर

सदर बाजार, कोल्हापूर
ऑगस्ट २००४

चि. दीक्षा हिस मामाचा सप्रेम जय भीम.

इकडं आम्ही दोघं ठीक आहोत. हैदराबादचा भात तुला मानवला की भाकरीची आठवण येते, ते कळव. (येत नसेल तरी येते असंच लिही, तुझं पत्र मामीही वाचते.)

परवा मीरासाब टेलर भेटला आणि तुझ्या उंदरांचा विषय निघाला. तू पीएचडीला आमच्याकडं होतीस तेव्हाचे दिवस. विद्यापीठात उंदरांच्या खोलीचं छत गळायला लागलं आणि तू दोन पांढरे उंदीर रिक्षातून घरी आणलेस. एक धडधाकट, दुसऱ्याच्या मांडीत गाठ. मामीनं आधी तुला, मग मला आणि शेवटी विद्यापीठाला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी मात्र गाठीवाल्याला लोणी लावून भाकरी! (तुझं वजनाचं सगळं गणित तिथंच बोंबललं.) गाठ मांडीत, मग लिव्हर कशाला तपासतीस, असं तिनं विचारल्यावर तू चूल सोडून तिला समजावत बसलीस. हार्मोन रक्तातून लिव्हरच्या पेशीत येतं, तिथं त्याला धरून घेणारे रिसेप्टर असतात, आणि गाठ लांब कुठंतरी वाढली तरी इकडं ते कमी होतात का, हे तुला मोजायचं होतं. आमटी करपली, पण मामीला पटलं. म्हणाली, "म्हंजे पावणा दारात उभा, आन हात धरून आत घ्याला घरात कोण न्हाय."

पटलं खरं, पण लिव्हर काढायला उंदीर मारावा लागणार हेही तिला कळलं, आणि उंदीर परत न्यायच्या सकाळी गाठीवाला गायब. मी गल्लीभर पांढरा उंदीर विचारत फिरलो. मीरासाबनं दुकानातला काळा उंदीर धरून आणला आणि धुतला की पांढरा होईल म्हणाला. शेवटी कणगीत खुडबुड ऐकू आली. तू मामीजवळ जाऊन बसलीस. मग तिनंच तो काढून तुझ्या हातात दिला. त्या रात्री तुम्ही दोघी जेवला नाहीत. मी एकट्यानं जेवलो, आणि ते मामी अजून काढते.

घर तेव्हा भरलेलं होतं गं. आता घरात उंदीरही येत नाहीत.

तुझा,
आकाराम मामा

ता.क. वर ठीक आहोत लिहिलं ते रिवाज म्हणून. मामीच्या छातीत गाठ निघाली आहे. तुकडा तपासायला दिलाय. त्यात रिसेप्टर सापडले तर गोळ्या लागू पडतील, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्यापुढं आम्ही नुसत्या माना हलवतो. तू ये. तुला कळवायचं नाही अशी तिनं शपथ घातलीय, तेव्हा बिद्रीला कुणाचं तरी लग्न आहे म्हणून ये.

ता.क. हे डिंक आणाय गेल्यात आन पत्र हितंच इसरल्यात. मी वाचलं. लगीनबिगीन सांगू नगंस, सरळ ये. मला लई भ्या वाटतंय. त्यास्नी बोलू नगंस.
— मामी