मामा यायच्या आधीचे पंधरा दिवस

८ फेब्रुवारी, रविवार

आई, दोन वर्षांत या वहीत तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. तुला लिहायला बसलो की स्वतःशी खोटं बोलता येत नाही, म्हणून टाळत होतो.

आज एक गोष्ट ठरवायची आहे. तुझी सून चार वर्षांपासून नांदेडला बँकेत आहे, महिन्यातून दोनदा घरी येते. काल तिचा फोन आला. जूनमध्ये तिची इथे नागपूरला बदली होईल, असं साहेबांनी सांगितलंय. पण तोंडीच, कागद अजून नाही. "पोरीला सांगायचं की नाही ते तू ठरव," ती म्हणाली. तुझी नात, जी तू पाहिली नाहीस, आता नऊ वर्षांची आहे. दिवाळीला तिची आई चार दिवस आधी येणार असं मी तिला सांगून बसलो होतो आणि ऐनवेळी रजा रद्द झाली. पोरगी फाटकाची कडी धरून उभी राहिली, अंधार पडला तरी आत येईना. तेव्हापासून मी ठरवलं, गोष्ट दारात येऊन उभी राहिल्याशिवाय हिला सांगायची नाही.

मागच्या रविवारी मित्राच्या संत्र्याच्या बागेत जायचं होतं. सकाळी उठवल्यावर सांगितलं. खूष होईल असं वाटलं होतं, तर गाडीत बसून रडायला लागली. "आधी सांगितलं असतं तर मी वर्गात सगळ्यांना सांगितलं असतं ना! बाबा, तुझ्यामुळे मला एकच दिवस मिळाला." मी गाडी चालवत राहिलो, पण मला आपली प्रताप नगरची गच्ची दिसायला लागली.

मीही तेव्हा नऊचाच. मामाचं नुकतंच लग्न झालेलं, तो नव्या मामीला घेऊन आंब्याचा रस खायला येणार होता. पंधरा दिवस आधीपासून तू रसाबरोबर खायचे सरगुंडे करायला घेतलेस. रोज संध्याकाळी गच्चीवर चटई पडते, तू घट्ट भिजवलेल्या कणकेच्या बारीक लांब वळ्या करून देतेस, मी त्या काडीवर गुंडाळतो आणि अलगद सरकवून सुपात टाकतो. हात चालू आणि तोंडही चालू. मामी कुठं झोपेल, तिला पन्हं आवडत असेल का, मामा पत्त्यांत अजून लबाडी करतो का. आणि आदल्या दिवशी शेजारच्या काकूंकडे फोन आला: मामाला सुट्टी नाही. मी गच्चीवर गेलो आणि वाळलेल्या सरगुंड्यांच्या सुपाला लाथ मारली.

तू ओरडली नाहीस. "काहून मारली लाथ?"

"सारं वाया गेलं!"

"का वाया गेलं? मामा नाही येऊन राहिला, एवढंच. पंधरा दिवस तू किती खूष होता! ते कोणी वापस नेले काय? चाल, येच आता. एक बी राहिला नाही पायजे."

मी रडत रडत वेचत होतो, तेवढ्यात बाबा हिंगण्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले. सगळं ऐकून म्हणाले, "बरं झालं गा, साळ्याच्या वाट्याचा रस आपल्याले."

"तुमाले तं खायाचंच सुचते," तू म्हणालीस, पण हसलीस.

इतकी वर्षं मी हा प्रसंग तुझ्या शहाणपणाचा म्हणून सांगत आलो. आज लिहिताना शंका येते. भाऊ तुझा होता. पाहुण्यांसाठी घातलेली नवी चादर तू दोन दिवस काढली नव्हतीस, तिच्यावर कोणाला बसूही दिलं नव्हतंस. म्हणजे तुलाही लागलं असणार. मी तेव्हा तुझ्याकडे नीट पाहिलंच नाही. पण लागलं म्हणून तुझं बोलणं खोटं ठरत नाही, असं मला वाटतं. पुढे मामा-मामी कितीदा तरी आले, त्यातली एकही भेट मला धड आठवत नाही. त्या पंधरा संध्याकाळी मात्र आठवतात.

जूनला चार महिने आहेत. आई आली की कुठल्या खोलीत झोपायचं, डब्यात काय न्यायचं, केस कोण विंचरणार, हे सगळं बोलायला पोरीला चार महिने मिळू शकतात. बदली झाली नाही तर ती पुन्हा फाटकापाशी उभी राहील, हेही खरं. तिला जपायचं म्हणून मी गप्प राहिलो असं आजवर समजत होतो. तसं नव्हतं, आई. त्या दिवशी तिला आत आणताना तिच्याकडे पाहायची हिंमत माझ्यात नव्हती. मी स्वतःला जपत होतो. हे तुझ्या सुनेलाही सांगितलेलं नाही. तुला सांगणं सोपं, तुझ्यापर्यंत हे पोचत नाही.

उद्याचं काम: शाळेची रिक्षा यायच्या आधी पोरीला सांगणे, बदली अजून पक्की नाही हेही सांगणे.