वरच्या मजल्यावरची शहाळी

४ मार्च
प्रकाशभावजी हॉस्पिटलातून घरी आले. चार महिने पोट धरून लोळत होते, भ्रमिष्टासारखं बोलायचे. सगळे म्हणायचे, हाही धाकट्या भावासारखा पितो, म्हणजे माझ्या संदीपसारखा. मीही म्हणायचे. बरं वाटायचं. आता नाव मिळालं, पॉर्फिरिया. रक्तातलं एक एन्झाइम जन्मापासूनच कमी. दारूला शिवलेही नव्हते.

चारकोपची अख्खी सोसायटी शहाळी घेऊन वर ताईंकडे, मोठ्या जाऊबाई ना. गेल्या दिवाळीत संदीप लिव्हर सुजून ॲडमिट होता, तेव्हा माझ्या दारात कोणी चप्पल काढली नाही. जळते मी. खोटं कशाला लिहू.

७ मार्च
डॉ. म्हणाल्या, सख्ख्या भावाचंही रक्त तपासा. जीव हरखला. संदीपला तेच निघालं तर तो बेवडा नाही, आजारी. धीर धरवेना. खाली देसाईकाकूंना सांगूनही टाकलं, "ह्यालाही तेच आहे हो, घराण्यातलं." संध्याकाळी एक शहाळं आलं. मीच प्यायले.

१५ मार्च
रिपोर्ट. भावजींचं जे कमी, ते संदीपचं नॉर्मल. कमी आहे ते दुसरंच एन्झाइम. डॉ.: "हे दारूने दबतं. सोडली की काही आठवड्यांत वर येतं. लिव्हरचे आकडे चढलेत, ते सावकाश उतरतील." संदीपची मान खाली. मी रडले. डॉ.ना वाटलं, आनंदाने.

देसाईकाकूंना काय सांगू आता?

१६ मार्च
वर गेले. बहुतेक भांडायलाच. ताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझा बरा आसा गो. तुझ्या घोवान सोडल्यान तर सुटात. माका दोन्ही पोरांचा रगात तपासूचा लागतला."

माझ्यावर जळत होत्या. ताई, माझ्यावर. सूप पुढ्यात ओढून खडे काढत बसले.

२ मे
सकाळी संदीपचं रक्त दिलं पुन्हा. म्हणतो, दीड महिना एक थेंब नाही. वास येत नाही, खरंय. पण वास लपवण्यात तो आधीपासून हुशार.

ताईंच्या पोरांचे रिपोर्टही उद्याच. पोरांचं वाईट व्हावं असं नाही वाटत, देवाशपथ. पण त्यांचं सगळं चांगलं निघालं आणि माझं एकटीचंच…

जेवताना संदीप म्हणाला, "उद्या रिपोर्ट तू आण ना. मी नाही येत."

भात वाढला.