निळ्या भिंतीवरची मुंगी

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल. मी ठणठणीत आहे, फक्त नखांतला निळा रंग काही केल्या जात नाही. सोमवारी तू परत राहायला येशील तोवर घर तयार असेल. मुंगीची खोली तेवढी राहिली आहे, म्हणून आधी तिचंच सांगते.

तू लिहिलं होतंस की सहा वर्षं बंद ठेवलेल्या त्या खोलीत तुला आता झोपायचं आहे, जुनी एकही खूण नको. तसंच केलं. चारही भिंती गडद निळ्या. दाराच्या मुठी पितळेच्या, पडद्याची दांडी पितळेची, पलंगाशी तांब्याच्या टोपीचा दिवा. नुसता निळा असला की खोली तोंड फुगवून बसते. पितळ आलं की बोलायला लागते. सुतारकाका म्हणाले, खोली राणीची वाटते. मी म्हटलं, राणीला येऊ तर द्या, तिला नावं ठेवायची सवय आहे. रागावू नकोस.

एकच अडचण आहे. दाराच्या वर भिंतीवर एक डाग येतो. दोन हात मारले, वाळले, आणि तिसऱ्या दिवशी निळ्यातून तांबूस रेघ डोकावली. तिसरा हात मारला, तरी आली. रेघेशेजारी तीन ठिपके आणि बारीक पाय. मुंगी आहे ती.

तुझ्या लेकीला आपण मुंगी म्हणायचो आणि ती आपल्या उंचीच्या प्रत्येक रेघेशेजारी लाल मार्करने मुंगी काढायची, हे तुला मी काय सांगू? त्या सगळ्या रेघा चौकटीशी, आपल्या कमरेच्या खाली होत्या. त्या मी घासून काढल्या. ही सात फुटांवर आहे.

काम करताना मला पाठीमागून "मावशी, बघ" असं ऐकू येतं. परवा मी "आले" म्हणून उत्तरही दिलं. सुतारकाकांनी रंधा थांबवून माझ्याकडे पाहिलं.

डाग बघून ते म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तिथे पितळेची थाळी ठोक, शोभेलही." मी ठोकली. शोभली. दुपारचं ऊन तिच्यावर पडलं की अख्खी खोली उजळायची, आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही. काल काढून ठेवली.

ताई, मार्करची शाई कशी दाबायची हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ सांगते. आधी डाग दाबणारा प्रायमर, मग रंग. तिन्ही वेळा तो डबा माझ्या पायाशी होता आणि तिन्ही वेळा मी तो उघडला नाही. विसरले म्हणायची सोय नाही.

सहा वर्षांपूर्वी उघडला नव्हता तो घाईमुळे. मी मुंगीला उचलून अंगणात आणलं, तू माझ्या हातातून घेतलंस आणि गाडीकडे पळालीस. मी मागे राहिले. त्या रेघेवर पांढरा रंग फासला, शिडी मागच्या पडवीत नेऊन ठेवली, आणि मग दवाखान्यात आले. तिथे तू विचारलंस, कशी पडली? मी म्हटलं, कपाटावरून.

ती माझ्या शिडीवरून पडली. छत अर्धं रंगवून मी चहा टाकायला गेले आणि शिडी उघडीच ठेवली. कपाटावरचा मार्करही तिने घेतला नव्हता. ती भुणभुण करत होती म्हणून मीच काढून दिला. तिने हाक मारली, मी "आले" म्हटलं, आणि चहा उतू जाईल म्हणून थांबले.

मार्कर कपाटावर ठेवला नसता तर, असं तू सहा वर्षं म्हणते आहेस. ते कपाट तू फोडून टाकलंस. दरवेळी मी तुझी पाठ थोपटली आणि गप्प बसले. मला तुझ्या तोंडाकडे बघायची भीती वाटत होती, अजूनही वाटते.

प्रायमरचा डबा आणि धुतलेला ब्रश दाराशी ठेवला आहे. मुंगी झाकायची की ठेवायची, ते तू सांग. किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे आहे. मी समोर असावं की नाही, तेही तूच ठरव.

कपाटाचा काही दोष नव्हता, ताई. तुझाही नव्हता.

"आले" म्हणून न आलेली,
तुझी धाकटी