साडेपाचच्या गाडीचा अर्ज

१७ नोव्हेंबर २००३
पाय अजून पिलास्टरात. ओसरीतल्या बाजेवरून कोंबड्या मोजते – आज एक कमी! पण खरी बातमी निराळीच. माझी नात ज्योत्स्ना डेपोला अर्ज लिहिती! तळेघरची साडेपाचची एसटी बंद केली ना. पोरं कॉलेजातून अंधारात जीपला लटकून येतात. माझा राजरत्न म्हणजे तिचा बाप. तो म्हणला, "महिनाअखेर गाडी सुरू न्हाई झाली तर पोरीचं कॉलेज बंद." अर्जावर पासवाल्या पोरांच्या सह्या पायजेत. बासष्ट हायेत. सहज व्हतील!

१८ नोव्हेंबर
सह्या तीन.

२० नोव्हेंबर
अजून तीनच. एक पोरगी म्हणली, "माझे मार्क कापले तर?" एक पोरगा म्हणला, "तुमी व्हा पुढं, सुरू झाली की बसतो आमी." हसावं का रडावं! तिचा भाऊ, माझा नातू संघर्ष त्याच कॉलेजात. हा जन्मला तवा आमचे मालक भागुजी नामांतराच्या मोर्चाला गेलेले, म्हणून हे नाव – सगळ्या गावाला ठावं. त्याला म्हणलं, कर की सही. तर म्हणतो, "मी दोस्ताच्या गाडीवर येतो आजी, मला काय करायचंय?" "नाव काय रे तुझं?" तर दात काढले. हसतो मात्र आज्यावानी!

२३ नोव्हेंबर
आज लई मज्जा! बाजेभोवती बाया जमवल्या. अर्ज माझ्या उशाखालीच व्हता. अकराजणींनी सह्या ठोकल्या! नाव, वर्ग, सही असे रकाने. वर्गाखाली मी 'दुसरी' लिहिलं. लंकाबाई शाळेत गेलीच नाय, तिनं पूज्य काढलं आणि हसून हसून पडली – माझ्याच पायावर! ज्योत्स्नानं कपाळाला हात लावला. "आजी, हा पोरांचा अर्ज व्हता गं!" मग तीबी हसली. "असू दे, मंगळवारी डेपोला हाच नेते."
राजरत्न हसला न्हाई. "गावभर तमाशा. कुठं जायची न्हाई ती."

२५ नोव्हेंबर, सकाळ
राजरत्नानं आतल्या खोलीला बाहेरून कडी घातली. आत ज्योत्स्ना. नवराबायको भात झोडायला गेली. संघर्षला म्हणलं, काढ. "बाबा मारतील, आजी." बूट घातले आणि गेला. पोरगी रडली असती तर बरं व्हतं.

२५ नोव्हेंबर, दुपार
भागुजी मोर्चाला गेलेच न्हवते. सुनेला कळा सुरू, मी भ्याले. ते आत असताना ह्याच खोलीला मीच बाहेरून कडी घातली, मोर्चाचा ट्रक गेल्यावर काढली. लाजेनं ते दोन दिवस घराबाहेर पडले न्हाईत. गावाला वाटलं, मोर्चाला गेले. मला एका शब्दानं बोलले न्हाईत. नातवाचं नाव तेवढं ठेवलं.
आज सरपटत गेले. काठीनं कडी पाडली. पोरगी अर्ज घेऊन गेली!
मी अजून उंबऱ्यातच पडलीये. बाजेवर कोण घालतंय, बघू.